माथ्यावरचा सूर्य आणि सहा अंशांची चूक: भरदिवसा दुर्बीण ध्रुवाला लावण्याचं एक प्रकरण

दिवसा ध्रुवतारा दिसत नाही. विषुववृत्तीय माउंट, म्हणजे ज्याचा एक अक्ष (ध्रुवाक्ष) आकाशाच्या ध्रुवाकडे रोखावा लागतो असा दुर्बिणीचा आधार; त्यावरून सूर्य पाहणाऱ्याची बहुतेक अडचण इथूनच सुरू होते. रात्री पोलर स्कोपला (ध्रुवाक्षात बसवलेल्या छोट्या दुर्बिणीला) डोळा लावून पाच मिनिटांत होणारं काम दिवसा होकायंत्र, कोनमापक, सावली आणि घड्याळ यांच्या भरवशावर करावं लागतं, आणि यातलं प्रत्येक साधन आपापल्या तऱ्हेने चुकतं. खालचं प्रकरण नमुन्याचं आहे. त्यातले आकडे हिशोब करून घेतले आहेत, म्हणजे कोणालाही आपला अक्षांश आणि आपली तारीख घालून तोच हिशोब पुन्हा मांडता येईल.

मांडणी

८० मिमी व्यासाची आणि ५६० मिमी नाभीय अंतराची अपवर्तक (भिंगाची) दुर्बीण, मध्यम वजनाचं गो-टू (मागितलेल्या लक्ष्याकडे नळी आपोआप वळवणारं) विषुववृत्तीय माउंट, घरामागची फरसबंद जागा. अक्षांश २० अंश उत्तर, तारीख ६ मे, सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर) उत्तर १६.५ अंश. प्रत्यक्ष पाहायला २५ मिमीचा आयपीस आहे. त्याने सुमारे २२ पट वर्धन आणि २.२ अंशांचं दृश्यक्षेत्र मिळतं. नंतर एपीएस-सी आकाराचा, म्हणजे २२.३ × १४.९ मिमी सेन्सरचा कॅमेरा लावायचा आहे. या नाभीय अंतरावर सूर्याचं बिंब सेन्सरवर ५.२ मिमी भरतं, म्हणजे चौकटीत ते ऐसपैस बसतं. बेत असा, की सूर्यडागांच्या एका गटाची सलग तीन तास, दर अर्ध्या मिनिटाला एक अशी छायाचित्रं घ्यायची. मांडणी सुरू झाली ती सूर्य जवळजवळ माथ्यावर आल्यावर, आणि पुढची निम्मी गुंतागुंत या वेळेमुळेच झाली.

सुरक्षिततेचं आधी सांगतो, कारण दिवसाच्या मांडणीत नळी सूर्याभोवती वारंवार फिरवावी लागते आणि चूक व्हायची वेळ नेमकी तीच असते. फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावर, संपूर्ण व्यास झाकणारा हवा. डोळ्याने पाहायचं तर प्रकाशीय घनता ५, म्हणजे लाखातला एकच भाग प्रकाश आत येतो. घनता ३.८ ची फिल्म फक्त छायाचित्रणासाठी असते; तिच्यातून सुमारे सहा हजारांतला एक भाग येतो आणि तो डोळ्याला परवडत नाही. आयपीसच्या बुडाला आटे फिरवून बसणारा जुन्या पद्धतीचा सूर्यफिल्टर फेकून द्यावा. तो नाभीजवळच्या उष्णतेत बसतो, तापून तडकतो, आणि तडकतो तेव्हा डोळा आयपीसलाच असतो. ग्रहण पाहायचे चष्मेही दुर्बिणीसोबत चालत नाहीत. फिल्म प्रत्येक वेळी प्रखर दिव्यासमोर धरून पाहावी. सुरकुत्यांनी काही बिघडत नाही, पण टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं तरी ती बाद. फिल्टरची कडी नळीला तीन ठिकाणी चिकटपट्टीने बांधावी, कारण नुसती घट्ट बसलेली कडी वाऱ्याच्या एका झोताने निघते. फाइंडर (नळीवरची रोख धरायची छोटी दुर्बीण) काढूनच ठेवावा. नुसतं टोपण लावलं तर ते कुतूहलाने उघडणारं कोणीतरी आजूबाजूला असतंच. फिल्टर चढवताना आणि उतरवताना नळी सूर्यापासून दूर वळवलेली असावी.

फाइंडर नाही, मग सूर्य सापडायचा कसा? नळीच्या सावलीने. जमिनीवर किंवा मागे धरलेल्या पुठ्ठ्यावर नळीची सावली लांबट असते तोवर रोख चुकलेला आहे. ती आखडत आखडत गोल झाली, की सूर्य क्षेत्रात किंवा क्षेत्राच्या काठाशी आलाच.

पहिली चूक: सहा अंश, पण क्रांतीत

ट्रायपॉड समतल केला. ध्रुवाक्षाचा कोन माउंटवरच्या पट्टीवर २० अंशांना लावला. उत्तर दिशा फोनच्या होकायंत्राने घेतली, फोन माउंटच्या डोक्यावर ठेवून. काउंटरवेट (नळीचा तोल सांभाळणारं वजन) खाली, नळी ध्रुवाकडे अशी मूळ स्थिती लावली, वेळ, तारीख आणि स्थान भरलं आणि गो-टूने सूर्य मागितला. (काही हँड कंट्रोलरमध्ये सूर्य सुरक्षिततेसाठी यादीतून मुद्दाम वगळलेला असतो, तो सेटिंगमधून आधी उघडावा लागतो.) नळी फिरली, थांबली, आणि सावली गोल होईना. सूर्य सुमारे सहा अंश दूर होता, तोही जवळजवळ पूर्णपणे उत्तर-दक्षिण दिशेत. पूर्व-पश्चिम फरक जेमतेम.

असा एकाच अक्षातला फरक फार बोलका असतो. घड्याळ किंवा टाइम झोन चुकला असता तर चूक विषुवांशात, म्हणजे पूर्व-पश्चिम दिशेत, दिसली असती, एका तासाला १५ अंश या हिशोबाने. उन्हाळी वेळ पाळणाऱ्या ठिकाणी ती खूण चुकून एक तास पुढेमागे राहिली, तर नळी बरोबर १५ अंश बाजूला जाते. इथे वेळ बरोबर होती. कंट्रोलर मात्र तारीख आधी महिना, मग दिवस अशी घेत होता. ०५/०६ ऐवजी ०६/०५ भरलं गेलं आणि ६ मे चा ५ जून झाला. ५ जूनला सूर्याची क्रांती २२.५ अंश असते, म्हणजे फरक सहा अंशांचा. होराकोन (सूर्य उत्तर-दक्षिण मध्यरेषेच्या किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहे तो कोन) मात्र महिनाभराने फारसा बदलत नाही, कारण तो सौर वेळेवर ठरतो. कालसमीकरणातल्या (घड्याळाची सरासरी वेळ आणि सूर्याची वेळ यांतल्या तफावतीतल्या) दीड-दोन मिनिटांच्या फरकाने अर्ध्या अंशाच्या आतच हलतो. म्हणून चूक नुसत्या क्रांतीत उमटली.

इथे एक मोह होतो: बटणं दाबून सूर्य मध्यावर आणायचा आणि ‘सिंक’ मारून (नळी आत्ता सूर्यावरच आहे असं कंट्रोलरला सांगून) मोकळं व्हायचं. तसं केलं असतं तर चुकीची तारीख त्या सिंकखाली गाडली गेली असती आणि पुढचं सगळं निदान वाकड्या पायावर उभं राहिलं असतं. तारीख दुरुस्त करून, माउंट मूळ स्थितीला नेऊन, पुन्हा गो-टू. या वेळी सूर्य आयपीसमध्ये आला, मध्यापासून पाऊण-एक अंश बाजूला, क्षेत्राच्या उत्तर कडेकडे झुकलेला. पहिल्या फटक्यात एवढं जमलं म्हणजे माउंट ठीक लागलं आहे, असं कोणालाही वाटेल. तो हँड कंट्रोलरने मध्यावर आणला आणि कॅमेरा लावला.

दुसरी चूक: गो-टू बरोबर, माग चुकीचा

वीस मिनिटांत बिंबाची कड चौकटीच्या कडेला भिडली. बिंब पुन्हा मध्यावर आणलं, पुन्हा वीस मिनिटांत तेच. मागाचा, म्हणजे नळी सूर्यामागे फिरत राहण्याचा, वेग ‘सौर’ ऐवजी ‘नाक्षत्र’ (ताऱ्यांचा) राहिला असेल म्हणून तपासलं, तर तो सौरच होता. तसा नाक्षत्र असता तरी फरक तासाला फक्त २.५ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) पडला असता. मे महिन्याच्या सुरुवातीला सूर्याची स्वतःची क्रांती तासाला ०.७ कला बदलते. वक्रीभवन माथ्याजवळ नगण्य. प्रत्यक्षात बिंब तासाला सुमारे ८८ कला सरकत होतं, तेही सरळ उत्तरेकडे. एवढा मोठा सरक फक्त ध्रुवाक्षाच्या चुकीतूनच येऊ शकतो.

मग गो-टू बरोबर कसा लागला? या प्रकरणाचा गाभा हाच आहे.

२० अंश अक्षांशावर ६ मे ला सौर मध्यान्ही सूर्याचा उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) ८६.५ अंश असतो. माउंट दिगंशात (क्षितिजावरच्या दिशेच्या कोनात) फिरवणं म्हणजे ते ओळंब्याच्या रेषेभोवती फिरवणं, आणि सूर्य त्या रेषेच्या अगदी टोकाशी बसलेला आहे. माउंट एक अंश फिरवलं तर नळीचा रोख फक्त ०.०६ अंश हलतो. सहा अंश फिरवलं तरी ०.३७ अंश, म्हणजे २२ कला. सूर्याच्या स्वतःच्या व्यासाहूनही कमी. छत्रीची दांडी हातात फिरवली तर काठ गरगर फिरतो, टोक जागच्या जागी राहतं. इथे सूर्य त्या टोकावर होता. ध्रुव मात्र काठाशी आहे. दिगंशातल्या सहा अंशांनी ध्रुवाक्ष खऱ्या ध्रुवापासून ५.६ अंश ढळतो (६ गुणिले अक्षांशाची कोज्या), आणि माग घेताना शिक्षा त्याची होते.

थोडक्यात, सूर्य याम्योत्तरावर (माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) आणि माथ्याजवळ असताना दिगंशाची चूक सूर्याच्या जागेत दिसत नाही, सरकण्यात मात्र ती सर्वांत मोठी दिसते. उन्नतांशाच्या चुकीचं याच वेळी उलट असतं: जागेत पूर्ण दिसते, सरकण्यात अजिबात नाही. हे एकदा पक्कं ध्यानात बसलं की पुढचा मार्ग आपोआप दिसतो.

सहा अंश आले कुठून, तर होकायंत्रातून. माउंटच्या डोक्यात मोटारी असतात आणि मोटारींत चुंबक असतात. काउंटरवेट, त्याची दांडी, बोल्ट, फरशीखालची सळई हे सगळं लोखंड. शिवाय चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक ठिकाणानुसार बदलतो: कुठे तो नगण्य असतो, कुठे १० अंशांहूनही जास्त. फोन माउंटवर ठेवून घेतलेली उत्तर म्हणजे अंदाजच. होकायंत्र वापरायचंच तर माउंटपासून तीन-चार मीटर दूर, लाकडी स्टुलावर ठेवून वापरावं. तिथे दूरवरची एखादी खूण उत्तरेला ठरवावी आणि चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला स्थानिक फरक हिशोबात घेऊन माउंट त्या खुणेकडे लावावं.

यानंतर मध्यान्हीच्या सावलीने उत्तर ताडून पाहण्याचा प्रयत्न झाला. शंकूच्या (उभ्या काठीच्या) सावलीची ही रीत फार जुनी आणि तत्त्वतः अचूक आहे. सौर मध्यान्ही सावली बरोबर उत्तर-दक्षिण पडते. (घड्याळातले बारा म्हणजे सौर मध्यान्ह नव्हे, प्रमाण रेखावृत्तापासून एका अंशाला ४ मिनिटं आणि वर कालसमीकरण, एवढी दुरुस्ती लागते.) पण या तारखेला एक मीटर उंच काठीची सावली फक्त सहा सेंटिमीटर पडते. सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे एक मीटर उंचीवरून पडणाऱ्या सावलीची कड सुमारे नऊ मिलिमीटर धूसर असते. सहा सेंटिमीटरच्या रेघेला नऊ मिलिमीटरची धूसर कड! त्यात सूर्याचा दिगंश या वेळी मिनिटाला चार अंश पळत असतो, म्हणजे घड्याळ एक मिनिट चुकलं की उत्तर चार अंश चुकली. याच जागी २२ डिसेंबरला तीच सावली ९५ सेंटिमीटर भरते आणि दिगंश मिनिटाला जेमतेम तिसरा भाग अंश बदलतो. तेव्हा ही रीत उत्तम चालते. मे महिन्यात, या अक्षांशावर, ती सोडून द्यावी.

सरकण्यावरून दुरुस्ती

मध्यान्ही हाताशी असलेलं एकमेव चोख माप म्हणजे बिंबाचं सरकणं. ते असं घेतलं.

आधी चौकटीतल्या दिशा. माग बंद केला की बिंब ज्या बाजूला जातं ती पश्चिम. कॅमेरा असा फिरवला की ही वाट चौकटीच्या लांब बाजूला समांतर येईल. उत्तर ओळखायला नळीचं पुढचं तोंड बोटाने हलकंच उत्तरेकडे दाबायचं. बिंब ज्या बाजूला जाईल ती दक्षिण. डायगोनल (प्रकाश काटकोनात वळवणारा आरसा) असेल तर प्रतिमा आरशातली असते, म्हणून हा बोटाचा प्रयोग कधीही टाळू नये. डागांच्या ओळीवरून दिशा ठरवणं तर मोठी चूक ठरते: सूर्याचा स्वतःचा अक्ष खगोलीय उत्तरेपासून वर्षभरात दोन्ही बाजूंना २६ अंशांपर्यंत कलतो, आणि मे च्या सुरुवातीला तो कल सुमारे २३ अंश असतो.

मग माग सौर वेगाने सुरू केला. बिंब मध्यावर, एक छायाचित्र. दहा मिनिटांनी दुसरं. बिंबाचा व्यास हीच मोजपट्टी. ६ मे ला तो सुमारे ३१.७ कला असतो, आणि ३.७ मायक्रॉनचे पिक्सेल असतील तर तेवढ्यात साधारण १,४०० पिक्सेल भरतात, म्हणजे कलेला ४४. दहा मिनिटांत बिंब ६५० पिक्सेल उत्तरेकडे गेलं तर सुमारे १४.७ कला, तासाला ८८. एक अंश ध्रुवचुकीला तासाला १५.७ कला सरक पडतो. तेव्हा ८८ भागिले १५.७ म्हणजे ५.६ अंश; त्याला ०.९४ ने, म्हणजे २० अंशांच्या कोज्येने भागलं की दिगंशातले सहा अंश हाती येतात.

बाजू कोणती? उत्तर गोलार्धात, याम्योत्तराजवळचं बिंब उत्तरेकडे सरकत असेल तर ध्रुवाक्षाचं टोक पश्चिमेला गेलेलं आहे; दक्षिणेकडे सरकत असेल तर पूर्वेला. इथे ते पश्चिमेला होतं, म्हणून माउंट पूर्वेकडे वळवायचं.

सहा अंश वळवणं अंदाजाने होत नाही. माउंटच्या बुडाला आणि ट्रायपॉडच्या माथ्याला मिळून कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा लावला, सांध्यावर ब्लेडने चिरला आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर पेन्सिलची एकच रेघ मारली. बुडाची त्रिज्या ६० मिमी असेल तर सहा अंश म्हणजे ६.३ मिमी. दिगंशाचा एक बोल्ट सैल करत आणि समोरचा आवळत दोन रेघांमध्ये हे अंतर उघडलं. बोल्टांची मजल संपली तर ट्रायपॉडच फिरवावा. केंद्रापासून ५० सेंटिमीटरवर टेकलेला पाय सहा अंशांना ५२ मिमी सरकतो. ट्रायपॉड फिरवला की पातळी पुन्हा तपासायची. वळवताना बिंब चौकटीत जवळपास जागेवरच राहिलं, आणि ते तसंच अपेक्षित होतं.

दुसऱ्या मोजणीत सरक तासाला १२.५ कलांवर आला. सूर्याची स्वतःची उत्तरेकडची ०.७ कला वजा जाता उरतात ११.८, म्हणजे दिगंशात अजून ०.८ अंश. ६० मिमी त्रिज्येवर ते पेन्सिलच्या रेघेएवढंच, ०.८ मिमी. तिसऱ्या खेपेला अर्ध्या तासात दोन कला सरक उरला. इथे थांबणं योग्य. तीन तासांच्या सत्रात बिंब चौकटीत राहायला तासाला सुमारे दहा कला चालतात, म्हणजे अर्ध्या अंशाहून जास्त ध्रुवचूक खपते. सूर्यासाठी माउंट कलाकलांनी ध्रुवाला भिडवण्यात वेळ घालवणं मला पटत नाही. तो वेळ फोकसला द्यावा, कारण दुपारच्या तापलेल्या हवेत फोकस फार नाजूक होतो.

या मोजणीच्या मध्ये मेरिडियन फ्लिप (सूर्याने याम्योत्तर ओलांडल्यावर माउंटने नळी दुसऱ्या बाजूला उलटवणं) होऊ द्यायचा नाही. नळी उलटली की चौकटीतली उत्तर-दक्षिण पालटते आणि दुरुस्ती नेमकी उलट्या बाजूला होते. सूर्य माथ्याशी असताना कॅमेरा आणि ट्रायपॉडचा पाय यांतलं अंतरही डोळ्यांनी पाहून घ्यावं. लांब अपवर्तकाचा मागचा भाग इथेच पायावर आदळतो.

उरलेला उन्नतांश

पहिल्या गो-टूत सूर्य क्षेत्राच्या उत्तर कडेकडे आला होता, तो आता अर्थ देतो. मध्यान्ही उन्नतांशाची चूक जागेत पूर्ण दिसते. ध्रुवाक्ष वर उचललेला असेल तर नळी दक्षिणेला झुकते आणि सूर्य क्षेत्रात उत्तरेकडे पडतो. नळी मूळ स्थितीला आणून डिजिटल कोनमापक डोव्हटेल पट्टीवर (नळी माउंटला धरणाऱ्या पट्टीवर) ठेवला तर २०.८ अंश. मापक उलटा फिरवून पुन्हा वाचला, दोन्ही वाचनं सारखी आली, म्हणजे मापकाचं शून्य बरोबर होतं. माउंटवर छापलेल्या पट्टीतच पाऊण अंशाची चूक होती. या पट्ट्या खडबडीत असतात आणि त्यांच्यावर एक-दोन अंशांहून अधिक विश्वास ठेवूच नये. बोल्टने कोन २०.० वर आणला. बोल्ट नेहमी वजन उचलण्याच्या दिशेनेच शेवटचा फिरवावा: आधी थोडं जास्त खाली, मग वर. नाहीतर आटे सैल राहतात आणि तासाभरात माउंट बसतं.

पडताळा दुपारी उशिरा. मध्यान्हीनंतर साडेचार तासांनी सूर्य पश्चिमेला २६ अंशांवर असतो आणि तेव्हा सरक मुख्यतः उन्नतांशाचा असतो. पश्चिमेकडचं बिंब दक्षिणेला सरकलं तर ध्रुवाक्ष वर आहे, उत्तरेला सरकलं तर खाली. सकाळी पूर्वेला याच्या बरोबर उलट. ०.८ अंश तसेच राहिले असते तर इथे तासाला साडेअकरा कला सरक दिसला असता. सूर्य १५ अंशांखाली गेल्यावर ही मोजणी करू नये, वक्रीभवन झपाट्याने बदलतं.

हीच मांडणी सकाळी केली असती तर

सौर वेळेनुसार पावणेआठला सूर्य ३० अंश उन्नतांशावर आणि ८२ अंश दिगंशावर असतो. इथे माउंट दिगंशात एक अंश फिरवलं तर रोख ०.८७ अंश हलतो. सहा अंशांची चूक पाच अंशांहून मोठी दिसली असती. सूर्य आयपीसमध्ये आलाच नसता आणि होकायंत्राचं बिंग पहिल्या मिनिटाला फुटलं असतं. दिगंशही तासाला पाच अंशांहून कमी बदलतो, त्यामुळे घड्याळ मिनिटभर चुकलं तरी ०.०८ अंशांपलीकडे काही जात नाही.

सकाळचा क्रम सोपा आहे. कोनमापकाने ध्रुवाक्ष अक्षांशावर आणायचा. काउंटरवेटची दांडी पाणसळीने आडवी करून तिथून मोजून ९० अंश फिरवायची, म्हणजे मूळ स्थिती खरी मिळते. गो-टू सूर्य, आणि तो हँड कंट्रोलरला हात न लावता फक्त दिगंशाच्या बोल्टने मध्यावर आणायचा. बोल्ट फिरवताना सूर्य आडव्या वाटेने जातो. ती वाट क्षेत्राच्या मध्यातून न जाता वरून किंवा खालून जात असेल, तर उरलेलं अंतर मूळ स्थितीचं किंवा नळी डोव्हटेलवर तिरकी बसल्याचं असतं. तेवढंच हँड कंट्रोलरने काढून सिंक करायचं. उन्नतांशाच्या बोल्टला इथे हात लावू नये: सूर्य पूर्वबिंदूच्या जवळ असल्याने तो बोल्ट एक अंश फिरवूनही सूर्य अर्धाच अंश हलतो, आणि मूळ स्थितीची चूक त्याच्यावर लादली तर कोनमापकाने नीट लावलेला ध्रुवाक्ष बिघडतो.

५० अंशांसारख्या अक्षांशावर याच तारखेला मध्यान्हीचा सूर्य ५६.५ अंशांवर असतो आणि दिगंशाचा बोल्ट तिथे निम्म्याहून जास्त परिणाम दाखवतो. त्यामुळे तिथे दुपारची मांडणीही चालून जाते. ९० मधून अक्षांश आणि क्रांती यांतला फरक वजा करावा. उत्तर ७५ च्या वर येत असेल, तर त्या दिवशी मांडणी सकाळी करावी किंवा मध्यान्हीला सरळ सरकण्याच्या मोजणीने सुरुवात करावी.

सत्र संपल्यावर, माउंट उचलण्याआधी, ट्रायपॉडच्या तिन्ही पायांभोवती फरशीवर रंगाने वर्तुळं आखली आणि पायांच्या उंचीच्या खाचांवरही खूण केली. मऊ जमिनीवर असतं तर पायांखाली फरशीचे तुकडे पुरले असते, कारण तापलेलं डांबर आणि ओली माती दोन्ही तासाभरात पाय गिळतात. पुढच्या वेळी पाय त्या वर्तुळांत ठेवले, कोनमापकाने उन्नतांश ताडला आणि दहा मिनिटांचा सरक एकदाच मोजला: तासाला सहा कला.